हॉट टबचं कव्हर जड का होतं आणि नवं घेताना काय मोजायचं

अमेरिकेत किंवा कॅनडात जुनं घर घेतलं की मागच्या डेकवरचा हॉट टब बरेचदा घराबरोबरच येतो. पंप, हीटर, जेट्स चालू करून पाहिले जातात. कव्हरकडे कोणी बघत नाही. पहिल्या हिवाळ्यात मात्र ते उचलायला दोन माणसं लागतात, विजेचं बिल चढतं आणि बंद टबाच्या काठातून वाफ निघताना दिसते. मग कोणीतरी म्हणतं, "पावसाचं पाणी मुरलंय, वरून ताडपत्री टाका." ताडपत्रीने काही होत नाही, कारण पाणी बहुतेक वेळा वरून आलेलंच नसतं.

नेहमीचं कव्हर म्हणजे थर्माकोलच्या दोन फळ्या. आपल्याकडे टीव्हीच्या खोक्यात येतो तोच पदार्थ, फक्त जास्त घट्ट दाबलेला. प्रत्येक फळी प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत हवाबंद केलेली असते आणि त्यावर व्हिनाइलचा, म्हणजे रेक्झिनसारखा, शिवलेला अंगरखा असतो. मधल्या घडीजवळ प्रत्येक फळीला गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची सी-आकाराची पट्टी बसवलेली असते, म्हणजे वजनाने मध्ये वाकू नये. फळ्या मध्ये जाड आणि कडेला पातळ असतात, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. "४-२" असं लिहिलेलं दिसतं त्याचा अर्थ एवढाच: मध्ये ४ इंच, कडेला २ इंच. कडेने खाली लोंबणारी झालर, चार पट्टे, चार बक्कल, दोन-चार हँडल आणि एक चेन, झालं कव्हर.

या सगळ्यात सर्वात स्वस्त भाग म्हणजे आतली पिशवी, आणि कव्हरचं आयुष्य ठरतं ते तिच्यावरच.

वाफ आत कशी शिरते

टबात १०० ते १०४ अंश फॅरनहाइटचं पाणी चोवीस तास वाफ सोडत असतं. कव्हरची खालची बाजू म्हणजे कायम वाफेवर ठेवलेलं चाळणीवरचं झाकण. पिशवीला एखादं टाचणीएवढं भोक पडलं, जोड सुटला किंवा घडीजवळ ती फाटली, की वाफ आत जाते. बाहेर थंडी असल्याने ती वरच्या थंड थरात पोचली की तिचं पाणी होतं. थर्माकोलचे दाणे स्वतः फारसं पाणी पीत नाहीत, पण दाण्यांच्या मधल्या बारीक फटींत ते साठतं. आलेलं पाणी परत जायला वाट नसते, कारण जी पिशवी वाफ पुरती अडवू शकली नाही ती पाण्याला मात्र छान धरून ठेवते.

आकडे मांडून पाहू. ७ फूट बाय ७ फूट कव्हर, सरासरी जाडी ३ इंच. म्हणजे सव्वाबारा घनफूट फोम (तोच थर्माकोल), जवळजवळ ३४७ लिटर आकारमान. घनफुटाला दीड पौंड घनतेचा फोम धरला तर त्याचं वजन फक्त १८ पौंड भरतं. व्हिनाइल आणि लोखंड धरून कोरं कव्हर २० किलोच्या आसपास. आता या आकारमानाच्या फक्त ५ टक्के जागेत पाणी भरलं तर ते १७ लिटर, म्हणजे १७ किलो. वजन दुपटीच्या जवळ गेलं. १० टक्के भरलं की ३५ किलोची भर. म्हणून कव्हर "हळूहळू थोडं जड" न होता एका हिवाळ्यात उचलेनासं होतं.

वजन हा त्रासाचा भाग झाला, खर्चाचा वेगळा. कोरड्या थर्माकोलपेक्षा पाणी पंधरापट तरी जास्त उष्णता वाहून नेतं. ओला फोम म्हणजे दिसायला रजाई आणि कामाला ओली चादर. आणि काठातून निघणारी वाफ तर थेट पैसे घेऊन जाते: १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. १,३०० लिटरच्या टबातून फक्त १ लिटर वाफ निसटली तरी उरलेलं सगळं पाणी जवळपास अर्धा अंश सेल्सिअसने गार होतं. हीटर रात्रभर का चालतो याचं उत्तर इथे आहे.

पिशवी फाटते कशाने? मुलं वर चढतात, कोणी एका बाजूने ओढतं, लोखंडी फावड्याने बर्फ काढलं जातं. पण शांतपणे काम करणारा शत्रू म्हणजे क्लोरीन. पाण्यात शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, टाकून लगेच कव्हर बंद केलं तर वायू पाणी आणि व्हिनाइलच्या मध्ये कोंडतो. खालचं कापड कडक पडतं, शिवणीचा दोरा कुजतो, पिशवी ठिसूळ होते. पीएच कमी असेल तर हे आणखी लवकर. उन्हाचा मारा वरून असतो खरा, आणि फिनिक्स किंवा डेन्व्हरसारख्या ठिकाणी वरचं व्हिनाइल पाच-सहा वर्षांत तडकतंही. पण मिनिआपोलिस किंवा टोरांटोत टाकून दिलेलं कव्हर कापून पाहिलं तर वरचं व्हिनाइल बरेचदा धड असतं आणि आत पाणीच पाणी.

गेलंय की अजून चालेल

हात लावायच्या आधी हिवाळ्यात नुसतं बघा. डेकवर बर्फ साचलंय आणि कव्हरवरचं मात्र वितळून गेलंय, तर उष्णता वरून पळते आहे. चांगल्या कव्हरवर बर्फ तसंच बसून राहतं. मधोमध खळगा पडून पाणी साचत असेल तर फोमला चीर गेली आहे किंवा लोखंडी पट्टी वाकली आहे. यावर दुरुस्ती नाही. चेन उघडून फळी थोडी बाहेर ओढली आणि पिशवीच्या आत पाण्याचे थेंब दिसले, की निकाल लागला. कुबट वास खालच्या कापडाला येत असेल तर तो ब्लीच लावून जात नाही, कारण वास कापडाचा नसून आतल्या पाण्याचा असतो. शिवाय ब्लीचने शिवणी आणखी लवकर जातात.

सुकवता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. फळ्या काढून, पिशवी सोलून, उन्हात विटांवर उभ्या करून दोन-तीन आठवडे ठेवल्या तर बरंच पाणी निथळतं. मग ६ मिलच्या, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीच्या, पॉलिथिनमध्ये दोनदा गुंडाळून जोडांवर चांगली टेप लावली की एक हंगाम निघतो. टेपचा जोड वाफेपुढे फार टिकत नाही, म्हणून एकच हंगाम. नुसत्या फळ्याही विकत मिळतात, पण त्या तेव्हाच घ्याव्यात जेव्हा व्हिनाइल आणि शिवणी दोन्ही खरोखर चांगल्या आहेत. सहा वर्षांच्या अंगरख्यात नवी फळी घालणं म्हणजे फाटक्या पिशवीत नवं धान्य भरणं.

माप: सर्वात जास्त चुका इथेच

जुनं कव्हर मोजून नवं मागवू नका. पाणी प्यायलेलं कव्हर फुगतं, व्हिनाइल आखडतं, आणि आधीच्या मालकाने कदाचित तेही चुकीच्याच मापाचं घेतलेलं असतं. माप घ्यायचं ते टबाचं. टबाच्या ॲक्रिलिकचा जो काठ वर आलेला असतो त्याच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कॅबिनेटचं माप घ्यायचं नाही. ते बऱ्याच टबांत काठापेक्षा वेगळं असतं.

लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा, टब चौरस "दिसत" असला तरी. ८४ बाय ८४ समजून मागवलेल्या टबात एक बाजू ८२ निघणं नेहमीचं आहे. प्रत्येक बाजू दोन ठिकाणी मोजा, कारण मधे काठ किंचित फुगलेला असू शकतो. गोल टबाचा व्यास दोन दिशांनी घ्या. टेप सैल पडू नये म्हणून दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरायला हवं. एकट्याने मोजलं की अर्ध्या इंचाची चूक ठरलेली.

मग कोपऱ्याची गोलाई. हे माप लोक अंदाजाने टाकतात आणि नवं कव्हर चारही कोपऱ्यांवर उचललेलं राहतं. दोन सरळ पट्ट्या घ्या. एक एका बाजूला टेकवा, दुसरी लगतच्या बाजूला, आणि दोन्ही पुढे सरकवत नेऊन काटकोनात भिडवा. भिडतात त्या बिंदूपासून टबाचा काठ पट्टीला जिथे पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. टेकण्याची जागा डोळ्यांनी नेमकी कळत नसेल तर तिरकं मोजा: पट्ट्यांच्या भिडलेल्या बिंदूपासून कोपऱ्याच्या वळणापर्यंतचं सर्वात जवळचं अंतर घ्या आणि त्याला २.४ ने गुणा. अडीच इंच आलं तर त्रिज्या ६ इंच. दोन्ही पद्धतींनी मोजून आकडे जुळले की विश्वास ठेवा. कोपरा गोल नसून तिरपा कापलेला असेल तर त्या तिरक्या बाजूची लांबी द्यायची असते. चारही कोपरे तपासा. कंट्रोल पॅनेलकडचे दोन वेगळे असलेले टब आहेत.

हे सगळे आकडे टबाचे म्हणून द्यायचे. कव्हर काठावरून किंचित बाहेर यावं म्हणून बनवणारे आपल्या हिशोबाने थोडी वाढ धरतात. तुम्हीही अर्धा इंच वाढवून दिलात तर वाढ दोनदा होते. फॉर्मवर "टबाचं माप" मागितलंय की "कव्हरचं तयार माप" हे वाचूनच भरा.

झालर किती लांब हवी हे काठाच्या वरपासून खाली मोकळी जागा किती आहे त्यावर ठरतं. ४ ते ५ इंच नेहमीची. टब डेकमध्ये बुडवलेला असेल आणि काठ फक्त ३ इंच वर असेल, तर ५ इंचाची झालर डेकवर दुमडते, कव्हरला खालून ढकलते आणि फट पडते. नवं कव्हर "बसत नाही" अशा तक्रारीमागे हे कारण निघतं.

शेवटचं: घडी कोणत्या दिशेने? लिफ्टर, म्हणजे कव्हर उचलून मागे नेणारा नळ्यांचा सांगाडा, असेल तर घडी त्याच्या आडव्या नळीला समांतर हवी. टब चौरस नसेल आणि घडीची दिशा उलटी सांगितली तर ते कव्हर त्या टबावर निरुपयोगी. मापाप्रमाणे शिवलेला माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. म्हणून कागदावर वरून पाहिल्यासारखा चौकोन काढा, घडी, पट्ट्यांच्या जागा, लिफ्टर आणि कंट्रोल पॅनेल दाखवा, आणि हा कागद समोर ठेवून ऑर्डर द्या.

कशासाठी जास्त पैसे द्यायचे

घनता १, १.५ किंवा २ पौंड प्रति घनफूट अशी लिहिलेली असते. जास्त घनता म्हणजे फार जास्त उबदारपणा असं नाही. तिच्यातून मिळतो तो मजबूतपणा. उबेसाठी जाडी लागते. थर्माकोलचा इन्सुलेशनचा आकडा इंचाला साधारण आर-४, म्हणजे मध्ये ४ इंच असेल तर आर-१६, कडेला आर-८. टेक्सासात किंवा दक्षिण कॅलिफोर्नियात ४-२ आणि १.५ पौंड पुरे. बर्फ पडणाऱ्या गावात ५-३ घ्या, शक्य असेल तर २ पौंडाचा. कारण उबेपेक्षाही बर्फाचं ओझं: ओलं बर्फ घनफुटाला २० पौंडांच्या घरात जातं. ७ बाय ७ वर एक फूट साचलं तर ९८० पौंड, म्हणजे जवळजवळ ४४५ किलो.

मात्र जाडीच्याही आधी दोन गोष्टी विचारा. पिशवीचे जोड उष्णतेने चिकटवलेले आहेत की टेपने? उष्णतेने चिकटवलेलेच घ्या. दुहेरी पिशवी मिळत असेल तर तीही. आणि घडीच्या पोटात, दोन फळ्यांच्या मध्ये, पूर्ण लांबीची फोमची पट्टी आहे का? स्वस्त कव्हरात फक्त दोन टोकांना छोटे तुकडे घालतात. मधली फट मग पूर्ण लांबीची चिमणी होते, वाफ तिथून वर जाते आणि घडीची शिवण सर्वात आधी कुजते. या दोन गोष्टी असतील तर रंगाने, शिवणीच्या नक्षीने काही फरक पडत नाही.

लहान मुलं असतील तर कव्हरवर एएसटीएम एफ १३४६ या सुरक्षा मानकाचं लेबल आणि किल्लीने बंद होणारी बक्कल असल्याची खात्री करा. लेबल असलं तरी कव्हरवर उभं राहायचं नाही, बसायचंही नाही.

नवं येईपर्यंत

शिवून यायला काही आठवडे लागतात. तोवर टब चालू ठेवायचा तर पाण्यावर तरंगणारी बबलची चादर टाका, बुडबुड्यांची बाजू खाली. तिला टबाच्या आतल्या आकारात कात्रीने कापता येतं. वरून इन्सुलेशनचे २ इंचाचे गुलाबी किंवा निळे फोमबोर्ड आणि ताडपत्री. ही व्यवस्था मुलांच्या दृष्टीने कव्हर नव्हे. घरात लहान मूल असेल तर तेवढे दिवस टब रिकामा करणं बरं. आणि रिकामा केलात तर कडक थंडीत पाइपातलं पाणीही काढून टाकावं लागतं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात.

बसवणं

खोकं आलं की सही करण्याआधी कोपरे बघा. कोपरा चेपलेला असेल तर आत पिशवी फाटलेली असू शकते. फोटो काढा, डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहा. खोकं उघडताना कटर खोल घालू नका. हे सांगायला नको, पण नवी कोरी कव्हरं अशीच फाटतात.

जुनं कव्हर काढल्यावर टबाचा काठ साध्या साबणाने पुसून घ्या, चिकटलेले व्हिनाइलचे कण काढा. कव्हर दोघांनी, घडी घालून, टबाच्या मध्यावर ठेवायचं आणि मग दुसरा अर्धा उलगडायचा. खालच्या कापडातली छोटी धातूची भोकं खाली, पाण्याकडे असायला हवीत. साठलेले थेंब तिथून परत टबात पडतात.

पहिल्या दिवशी ते थोडं उचललेलं दिसेल. घडीत बांधून आल्यामुळे व्हिनाइलला सुरकुत्या असतात. टब गरम ठेवा, एक रात्र जाऊ द्या, आणि मगच पट्टे लावा. आधीच पट्टे ओढून बांधले तर कडा खाली दबतात, मध्य वर येतो आणि फोमला तसाच बाक बसतो. बक्कलचा खालचा भाग कॅबिनेटवर स्क्रूने लागतो. पट्टा सरळ खाली सोडा, हलका ताण द्या, जागा खुणेने ठरवा. स्टेनलेसचे आखूड स्क्रूच वापरा: कॅबिनेटच्या आत लगेच पाइप आणि वायरी असू शकतात. टबाची वीज ब्रेकरवरून बंद करूनच भोक पाडा. जुन्या बक्कलची भोकं सिलिकॉनने भरा, नाहीतर त्यातून मुंग्या आणि पाणी दोन्ही आत जातील.

लिफ्टरची नळी आता पुन्हा जुळवावी लागेल. आधीचं कव्हर ४-२ होतं आणि नवं ५-३, तर घडी घातल्यावर जाडी दोन इंचांनी वाढते आणि नळी घडीत घासते. बऱ्याच लिफ्टरचे हात लांबीला कमी-जास्त करता येतात. जुन्या ओल्या कव्हरने हात वाकवले असतील तर तेही आताच बदला. वाकडा हात नव्या कव्हरला दर वेळी एकाच कोपऱ्यात ओढतो. उघडल्यावर कव्हरला मागे जागा किती लागते हे लिफ्टरच्या माहितीपत्रकात असतं. काहींना १८ ते २४ इंच लागतात, भिंतीला लागून असलेल्या टबासाठी कमी जागेचे मिळतात.

संध्याकाळी अंधारात काठाभोवती हात फिरवा. वाफ हाताला जाणवली तर त्या जागी झालर दुमडली आहे का, पट्टा ओढला आहे का बघा. कोपऱ्यातून येत असेल तर गोलाई चुकली.

पुढची सहा वर्षं

शॉक टाकल्यावर पंप चालू ठेवून कव्हर किमान २० मिनिटं उघडं ठेवा. पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली नाही पण उगाच १० वरही नाही. तरंगती चादर फेकू नका, कायम ठेवा. ती वाफ पाण्यापाशीच थांबवते आणि कव्हरची खालची बाजू कोरडी राहते. दर महिन्याला कव्हर एकदा पूर्ण काढून, उलटं करून, तासभर वारा लागू द्या. व्हिनाइल भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि दोन-तीन महिन्यांनी उन्हापासून वाचवणारं व्हिनाइलचं द्रावण लावा; टायर चमकवायचं तेलकट पॉलिश नको. बर्फ मऊ कुंच्याने काढा. गोठून चिकटलं असेल तर खरवडू नका.

जुन्या कव्हरचं काय करायचं हे बहुतेकांना शेवटी आठवतं. घराबाहेरच्या रिसायकलिंगच्या डब्यात थर्माकोल बहुतेक गावांत घेत नाहीत. व्हिनाइल कटरने चिरून वेगळं करा, लोखंडी पट्ट्या काढून भंगारात द्या आणि ओल्या फळ्या मोठ्या कचऱ्याच्या दिवशी ठेवा किंवा डंपवर न्या. करवतीने कापणार असाल तर वारा नसलेला दिवस निवडा आणि खाली जुनी चादर अंथरा. ते पांढरे दाणे हिरवळीतून वेचायला पुढचा उन्हाळा पुरत नाही.